छापील गेम गाइड संपली? नाही, पण प्रत्येक गाइड घेण्याजोगी नसते

‘इंटरनेटमुळे व्हिडिओ गेमच्या छापील गाइड (गेम कसा पार करायचा ते सांगणारी पुस्तकं) बंद पडल्या’ हे विधान बरीच वर्षं फिरतंय. त्याला आधार दिला जातो तो प्रिमा गेम्स या गाइड छापणाऱ्या प्रकाशकाचा. २०१५ मध्ये ब्रॅडीगेम्स ही गाइड छापणारी दुसरी कंपनी प्रिमात विलीन झाली आणि २०१८ च्या अखेरीस प्रिमानेही छापील गाइड थांबवत असल्याचं जाहीर केलं. एवढं खरं आहे. पण त्यानंतरही पिगीबॅक या प्रकाशकाने २०२३ मध्ये झेल्डा गेममालिकेतल्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ची गाइड छापली आणि जर्मनीच्या फ्यूचर प्रेसने ‘एल्डन रिंग’ या गेमवर जाडजूड खंड काढले.

मग घ्यावी का? ते गेमवर ठरतं. ‘सायबरपंक २०७७’ची गाइड २०२० मध्ये आली, पण २०२३ च्या २.० अपडेटने त्यातली कौशल्यांची रचनाच बदलून टाकली, त्यामुळे पुस्तकातला तो भाग आज निरुपयोगी आहे. सतत बदलणाऱ्या ऑनलाइन गेमसाठी तर छापील गाइडवर पैसे घालूच नयेत. याउलट एकट्याने खेळायचा, नकाशा मोठा असलेला आणि आता फारसे अपडेट येत नसलेला गेम असेल, तर चांगली गाइड मला आजही पैसे वसूल वाटते. नकाशे, शत्रूंचे तक्ते, चित्रं सगळं एका जागी, नीट तपासलेलं मिळतं. दहा मिनिटांच्या व्हिडिओत दोन वाक्यांचं उत्तर शोधत बसावं लागत नाही.

आणि जुनी गाइडही निवडून घ्या. ‘फायनल फँटसी ९’च्या २००० सालच्या अधिकृत गाइडमध्ये महत्त्वाची माहिती छापलीच नव्हती, त्यासाठी वाचकाला वेबसाइटवर पाठवलं होतं.