दर दोन तासांनी कूस

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर माकडहाडाजवळ आणि टाचांवर आधी लाली धरते, मग कातडी सोलवटते, आणि बघता बघता तिथे जखम पडते. तिलाच बेडसोअर म्हणतात. कूस बदलायला दोन माणसं लागतात. एकाने खांद्याखाली हात घालायचा, दुसऱ्याने कमरेखाली. मग खालची आडवी चादर ताणून घ्यायची, पाठ पुसून कोरडी करायची, दोन गुडघ्यांच्या मधे उशी द्यायची आणि टाचा गादीला टेकणार नाहीत असं बघायचं. चादरीला एक सुरकुती राहिली तरी ती रात्रभर रुतते.

आई अर्धांगाने एका सरकारी रुग्णालयात पडून होती, तेव्हा हे मला तिथल्या सिस्टरने शिकवलं. रात्री वॉर्डात दोन सिस्टर आणि जमिनीवरच्या गाद्या धरून साठेक पेशंट. "दादा, मला प्रत्येकाकडे दर दोन तासांनी येणं जमणार नाही. तुम्ही नीट बघून घ्या," ती म्हणाली. तिचं म्हणणं खरंच होतं. साठांपैकी पंधराच जण पूर्ण अंथरुणावर आहेत असं धरलं, तरी बारा तासांच्या रात्रीत नव्वद वेळा कूस बदलायची. इंजेक्शनं, सलाईन, नवी ॲडमिशन, केसपेपर आणि सकाळी द्यायची ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला प्रत्येक पेशंटची माहिती सांगणं, हे सगळं त्याशिवाय.

वॉर्डात हात इतके कमी का, याचं उत्तर एखाद्या वर्षाच्या बजेटमध्ये सापडत नाही. त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

मुंबईत जेजे रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं, पुण्यात ससून १८६७ मध्ये. म्हणजे डॉक्टर घडवण्याची सोय लवकर झाली, आणि डॉक्टरकीला मानही मिळाला. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्याचं कौतुक आजही होतं. परिचर्येच्या वाट्याला असा मान आला नाही. परक्या माणसाचं अंग पुसणं, त्याचं बेडपॅन उचलणं हे स्वतःला वरचे म्हणवणाऱ्या जातींच्या लेखी विटाळाचं काम होतं. घरातल्या सुनेने सासऱ्याचं केलं तर ती सेवा, तेच रुग्णालयात पगार घेऊन केलं तर हलकं काम. त्यामुळे सुरुवातीच्या काळात शिकलेल्या परिचारिका बहुतेक युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती घरांतून आल्या.

हा विटाळ सावित्रीबाई फुल्यांनी झुगारला. १८९७ च्या प्लेगात लोक घरातले आजारी लपवून ठेवत होते. तेव्हा सावित्रीबाई पेशंट शोधून मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यात आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेतलं, त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपण त्यांना शिक्षिका म्हणून आठवतो ते बरोबरच आहे. माझ्या लेखी मात्र त्यांचं ते शेवटचं काम रुग्णसेवेच्या इतिहासातही तेवढंच मोठं आहे.

पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन ही स्त्रियांना शिकवणारी संस्था उभी राहिली. रमाबाई रानड्यांनी तिथल्या मुलींना, त्यातल्या कित्येक विधवा होत्या, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली. पुरुष पेशंटला हात लावायचा आणि रात्रपाळी करायची, यावर समाजाने नाकं मुरडली. रमाबाई मागे हटल्या नाहीत. पण अशी माणसं थोडी होती. १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला तेव्हा देशात ४३,००० लोकांमागे एक नर्स होती. समितीला ५०० लोकांमागे एक हवी होती. नंतर इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष आले. त्यांच्यानुसार मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स हवी. आईच्या वॉर्डातल्या त्या दोन सिस्टर मला हा निकष वाचताना डोळ्यासमोर दिसतात.

अशा अपुऱ्या हातांनी काय करून दाखवलं, ते मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात बघायला मिळालं.

२७ नोव्हेंबर १९७३. अरुणा शानबाग ही पंचविशीतली परिचारिका ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून अत्याचार केला. ती सापडली थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. मेंदूला रक्त न पोचल्याने ती कायमची अंथरुणाला खिळली. आरोपीला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचं कलम लागलंच नाही. परिचारिकांनी तेव्हा संप केला. अरुणाची नीट सोय करा आणि आम्हालाही सुरक्षितपणे काम करू द्या, अशी त्यांची मागणी होती.

ऐंशीच्या दशकात महापालिकेने अरुणाला तिथून हलवायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा सिस्टर आडव्या उभ्या राहिल्या. ती आमची आहे, इथेच राहील, म्हणाल्या. वॉर्ड क्रमांक ४ जवळच्या खोलीत त्या तिला कालवलेलं अन्न भरवत, अंघोळ घालत, तिची कूस बदलत राहिल्या. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा केईएमच्या लोकांनी त्या याचिकेला विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांचं म्हणणं मानलं, आणि इतक्या वर्षांत अरुणाला एकही बेडसोअर झाला नाही याची आवर्जून नोंद केली. सुरुवातीला सांगितलेलं ते चादर ताणणं आणि उशी देणं वर्षाचे ३६५ दिवस केल्याशिवाय ही नोंद होत नाही. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने ती गेली.

सुरक्षिततेची मागणी मात्र रेंगाळत राहिली. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० मध्ये कायदा झाला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीची दुप्पट भरपाई अशी त्यात तरतूद आहे. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर झाले. त्यानंतर दारावर सुरक्षारक्षक आले आणि पेशंटमागे दोनच पास, हा नियम कडक झाला. मारहाणीला कसलीच सबब असू शकत नाही. पण या नियमातली ओढाताण मी आतून बघितली आहे. मावशी आणि मामा, म्हणजे वॉर्डातले मदतनीस, पुरेसे नाहीत, म्हणून ट्रॉली ढकलायला, रक्ताची बाटली आणायला, कूस बदलायला नातेवाईक लागतो, आणि त्याच नातेवाइकाची भीतीही वाटते. आपल्या माणसाचं काय चाललंय हे त्याला पाच मिनिटं बसून सांगायला वॉर्डात कुणाकडे वेळ नसतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत अरुणा शानबागचं नाव पुन्हा निघालं. एक तळघरात कपडे बदलायला गेली होती, दुसरी सलग ड्युटीत थोडा वेळ पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती. मधली पन्नास वर्षं गेली, पण दार लावून बसता येईल अशी खोली दोघींनाही मिळाली नव्हती.

आपल्याकडे मे २०२२ मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका संपावर गेल्या. त्यांचा मुख्य विरोध होता नर्सची पदं बाहेरच्या एजन्सीकडून कंत्राटावर भरण्याला. बातम्यांत हा पगाराचा आणि नोकरीच्या हमीचा वाद म्हणून आला, आणि तो तसा आहेही. मला मात्र तेव्हा अरुणाची खोली आठवत होती. शेवटच्या वर्षांत तिची कूस बदलणाऱ्या कित्येक सिस्टर १९७३ मध्ये जन्मल्याही नव्हत्या. तिला काय आवडतं, कशाने त्रास होतो, कुठल्या आवाजाला ती किंचाळते, हे एका पिढीने दुसरीला ओव्हरमध्ये सांगत आणलं होतं. ठरावीक महिन्यांच्या करारावर आलेली मुलगी ही ओव्हर कुणाकडून घेणार आणि पुढे कुणाला देणार?