माग, कायदा आणि एमएचा विद्यार्थी: तंत्रज्ञानाच्या सामाजिक अभ्यासाची पार्श्वभूमी

सोलापुरात समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्रात एमए करणारी मुलं अलीकडे प्रकल्पासाठी जे विषय घेतात, त्यात यंत्रांची संख्या वाढलेली दिसते. कुणी रॅपियर मागावर (धोट्याशिवाय चालणाऱ्या यंत्रमागावर) काम करतं, कुणी उसाच्या ठिबकवर, कुणी भाजीवाल्या बायकांच्या क्यूआर कोडवर. 2023-24 पासून राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमाची नवी चौकट आली. तिच्यात संशोधन पद्धती, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आणि संशोधन प्रकल्प यांना वेगळे क्रेडिट आहेत, त्यामुळे विद्यार्थ्याला वर्गाबाहेर पडणं भाग झालं. बाहेर पडलं की सोलापुरात माग दिसतोच. विषय मात्र नवा नाही. तो इथवर कुठल्या वाटेनं आला हे पाहिलं, तर आजच्या प्रकल्पांत ठराविकच प्रश्न का विचारले जातात, त्याचा उलगडा होतो.

दूरचा इतिहास थोडक्यात उरकतो. नव्या यंत्राकडे, नव्या पद्धतीकडे अर्थव्यवस्था हलवणारी शक्ती म्हणून पाहणारा सिद्धांत 1911 मध्ये मध्य युरोपातल्या एका अर्थशास्त्रज्ञानं मांडला. यंत्रं पुढे जातात आणि रीतिरिवाज मागे रेंगाळतात, ही कल्पना 1922 मध्ये अमेरिकी समाजशास्त्रातून आली. पण हाताशी धरून वापरता येईल असा नमुना मिळाला तो 1943 मध्ये. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दोन वस्त्यांमधल्या 259 शेतकऱ्यांना विचारण्यात आलं की मक्याचं संकरित बियाणं तुम्ही कधी घेतलं, कुणाचं ऐकून घेतलं. दोघं सोडून सगळ्यांनी ते घेतलं होतं. आधी कोण, मग कोण, शेवटी कोण, अशी शेतकऱ्यांची वर्गवारी त्यातून पुढे रूढ झाली आणि 1962 नंतर ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली.

आपल्याकडे हा नमुना आला तो समाजशास्त्र विभागांच्या दारानं नव्हे, कृषी विस्ताराच्या दारानं. हरितक्रांतीच्या काळात कृषी विद्यापीठांतून ‘शिफारस केलेल्या तंत्रज्ञानाचा अवलंब’ या साच्याचे प्रबंध निघू लागले. वय, शिक्षण, जमीन, उत्पन्न आणि शेवटी अडचणींचा तक्ता. साचा इतका पक्का बसला की आज क्यूआर कोडवरचा प्रकल्पही त्याच क्रमानं लिहिला जातो. 1975-76 मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत टीव्ही पोचवण्याचा वर्षभराचा प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे 2400 गावं त्यात होती. महाराष्ट्र नव्हता, पण आपल्या शेजारचे विजापूर आणि गुलबर्गा होते. त्या प्रयोगात मानववंशशास्त्रज्ञ महिनोन्महिने गावात राहिले, सभोवतालचं टिपत राहिले. इतक्या मोठ्या प्रमाणावर यंत्रामागे माणसं वाचायला माणसं पाठवण्याचं काम देशात तेव्हा प्रथमच होत होतं. दुर्दैवानं पुढच्या प्रबंधांनी त्यातली प्रश्नावली घेतली आणि गावात राहणं सोडून दिलं.

1960 च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये विज्ञान धोरण आणि विज्ञानाचं समाजशास्त्र यांसाठी स्वतंत्र केंद्रं निघाली. 1970 च्या दशकात दिल्लीत एका केंद्रीय विद्यापीठात विज्ञान धोरणाचा अभ्यास सुरू झाला. 1984 मध्ये दोन युरोपीय संशोधकांनी सायकलीचा इतिहास घेऊन दाखवलं की यंत्राचं रूप फक्त अभियंता ठरवत नाही. वापरणारे, विरोध करणारे, घाबरणारे असे वेगवेगळे गट त्यावर भांडतात आणि भांडण मिटतं तेव्हा यंत्र स्थिर होतं. हे सगळं अभ्यासक्रमात येतं, त्यामुळे इथे लांबण लावत नाही. सोलापूरच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की भांडणाचा हा मुद्दा आपल्याकडे वाचला जातो सायकलीवरून, आणि शेजारच्या गल्लीत त्याहून मोठं भांडण कागदोपत्री पडून आहे.

ते भांडण मागाचं. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 ची, लोक जिला जुनी मिल म्हणतात ती. तेलंगणातले विणकर त्याआधीपासून येत होते, नंतरही येत राहिले, आणि शहराचा पूर्व भाग त्यांचा झाला. गिरणी आली म्हणून हातमाग बसला, अशी सरळ गोष्ट इथे घडली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इथल्या विणकरांनी झटक्याचा धोटा (दोरीच्या झटक्यानं आडवं सूत पार नेणारं साधन) घेतला, घरातला माग कारखान्यात आणला, गिरणीशेजारी हातमागही वाढला. पुण्यातल्या एका अर्थशास्त्र संस्थेनं 1930 च्या दशकात या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती 1965 मध्ये ग्रंथरूपात आली. म्हणजे सोलापुरात यंत्र आणि समाज एकत्र मोजण्याचं काम आयोवाच्या अभ्यासाआधीच झालं होतं. त्याला तेव्हा तसं नाव नव्हतं, इतकंच.

स्वातंत्र्यानंतर सरकारपुढे प्रश्न आला की हातमागाला वीज जोडायची की नाही. 1954 मध्ये एका चौकशी समितीनं सांगितलं, जोडा. निव्वळ हातावर चालणारे माग हळूहळू यंत्रमागात बदला. वर्षभरात, 1955 मध्ये, दुसऱ्या समितीनं नेमकं उलट सांगितलं: गिरण्या आणि यंत्रमाग यांची वाढ रोखा, रोजगार हातमागात आहे. दोन्ही समित्यांकडे आकडे होते. फरक होता तो आधी काय मोजायचं यात, कापडाचे मीटर की घरातली कामाला लागलेली माणसं. सरकारनं दोन्ही अहवालांना मान डोलावली. परवानग्या कागदावर अडल्या आणि यंत्रमाग मात्र वाढत गेले, कधी परवान्यानं, कधी तसेच. गिरण्यांनी मोडीत काढलेले माग शेडमध्ये नव्यानं फिरू लागणं हे तर राज्यातल्या सगळ्याच यंत्रमागाच्या गावांनी पाहिलं. गिरणीच्या लेखी ते भंगार होतं, शेडवाल्याच्या लेखी आयुष्यातलं सर्वांत मोठं नवं यंत्र. ‘नवं’ कुणासाठी, हा प्रश्न प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात यायला हवा, तो सहसा येत नाही.

1985 हे वर्ष या सगळ्याची गाठ आहे. त्या वर्षीच्या वस्त्रोद्योग धोरणानं गिरणी आणि यंत्रमाग यांना आपापल्या बळावर स्पर्धा करायला मोकळं सोडलं. त्याच वर्षी संसदेनं हातमागासाठी काही कापडप्रकार राखून ठेवणारा कायदा केला. साडी, धोतर, टॉवेल, लुंगी, चादर असे 22 प्रकार सुरुवातीला यादीत होते, पुढे ते 11 वर आले. राखीव प्रकार यंत्रमागावर काढल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा मागामागे 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यंत्रमागवाले कोर्टात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि 1993 मध्ये कायदा वैध ठरला. तोवर बहुतेक शेडमध्ये जे विणायचं ते विणून झालं होतं.

या कायद्यात हातमागाची व्याख्या एका ओळीची आहे: यंत्रमाग नसलेला कोणताही माग. ‘नाही’वर उभी असलेली ही व्याख्या पुढे अडचणीची ठरली. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीत, 2012 च्या सुमारास, एका समितीनं सुचवलं की विणण्याची निदान एक प्रक्रिया हातानं होत असेल तर वीज लावलेला मागही हातमागच धरावा. बाजू मांडणारे म्हणाले, विणकराची पाठ आणि खांदे वाचतील, मिळकत वाढेल, पोरं धंद्यात राहतील. विरोधक म्हणाले, एक कळ दाबणं हीसुद्धा हाताची प्रक्रियाच, मग उद्या यंत्रमागच हातमाग म्हणून अनुदान घेईल आणि राखीव यादीला अर्थ उरणार नाही. देशभरातून ओरड झाली आणि प्रस्ताव बारगळला. मला यात विरोधकांचं म्हणणं जास्त पटतं. पण पाठदुखीचा मुद्दाही खोटा नव्हता, आणि तो मांडणारे सगळेच काही यंत्रमागवाल्यांचे वकील नव्हते.

या वादात सोलापूरची जागा चमत्कारिक आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथली चादर मुख्यत्वे यंत्रमागावर, जेकार्ड (नक्षीसाठी मागावर बसवायचं यंत्र) लावून विणली जाते. म्हणजे देशाचा एक कायदा यंत्रमागाला परंपरेच्या वाटेतला अडथळा मानतो आणि दुसरा कायदा त्याच यंत्रमागाच्या कापडाला गावची परंपरा म्हणून जपतो. दोन्ही एकाच वेळी अमलात आहेत. तंत्रज्ञानाचा सामाजिक अभ्यास शिकवायला याहून चांगला धडा परदेशातून आणायची गरज नाही, तरी अभ्यासक्रमात अजून सायकलच आहे.

शेडच्या आत गेलं तर हेच बारकाईनं दिसतं. जुन्या जेकार्डावर चादरीची नक्षी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांत असते. धोट्याच्या एका फेरीला एक पट्टी. कोणते ताण्याचे (उभे) धागे उचलायचे ते तिच्यावरची भोकं ठरवतात. पट्ट्या दोऱ्यानं गुंफलेल्या असतात आणि त्यांची माळ मागाच्या डोक्यावरून फिरते. मोराऐवजी फूल हवं असेल तर माळच नवी. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं की ही माळ म्हणजे एक फाइल होते. पट्ट्या पाडणाऱ्याचं काम संपतं, संगणकावर नक्षी काढणाऱ्याचं सुरू होतं. आणि पेनड्राइव्हमधली नक्षी एका संध्याकाळीत तिसऱ्या शेडमध्ये पोचू शकते, पूर्वी त्या चोरीला निदान कष्ट पडायचे.

रॅपियर मागाचं वेगळंच. त्यात धोटा नसतो, बाण्याचं (आडवं) सूत थेट कोनावरून येतं. धोटा नाही तर त्यात बसणारी सुताची कांडी नाही, आणि कांडी नाही तर कांड्या भरणाऱ्या बाईचं काम नाही. ही बाई ‘अवलंबाच्या’ प्रश्नावलीत कुठेच नसते. प्रश्नावली जाते मालकाकडे: माग कधी घेतला, कर्ज कुठून काढलं, 1999 ते 2022 या काळात चाललेल्या तंत्रज्ञान सुधारणा योजनेचं अनुदान मिळालं का, उत्पादन किती वाढलं. उत्तरं खरी असतात आणि प्रबंध पूर्ण होतो.

जिल्ह्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं 2004 मध्ये. त्यानंतरच्या घडामोडी जवळच्या असल्यानं त्यांचा गोंगाटही जास्त. 2016 च्या राज्य विद्यापीठ कायद्यानं नवोपक्रम आणि उद्योगांशी दुवा यांची जबाबदारी विद्यापीठांवर टाकली. त्यातून इन्क्युबेशन, स्टार्टअप, पिचिंग ही भाषा आवारात आली आणि नवं तंत्रज्ञान हा वाणिज्य, व्यवस्थापन आणि अभियांत्रिकीचा विषय असल्याचं वातावरण पक्कं झालं. समाजशास्त्रवाल्यांना बोलावलं जातं ते शेवटी, लोकांना पटवायचं कसं हे विचारायला. 2022 च्या नियमांनी एमफिल बंद झालं. एमए आणि पीएचडी यांच्यामधली ही पायरी सोलापूरसारख्या ठिकाणी फार कामाची होती. नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष एकाच शेडचा, एकाच गावच्या पाण्याचा अभ्यास तिथेच व्हायचा. आता तेवढं काम एमएच्या प्रकल्पात कोंबायचं, किंवा पीएचडीपर्यंत थांबायचं.

विषयांची मात्र ददात नाही. 2023 च्या जूनमध्ये विमानतळाच्या आड येते म्हणून एका सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी पाडली गेली, आणि 2025 मध्ये विमानसेवा सुरू झाली. चिमणी पाडा आणि चिमणी वाचवा, दोन्ही बाजू ‘विकास’ हाच शब्द वापरत होत्या. सभासद शेतकरी, विमान मागणारे उद्योजक, वीज, ऊस, कोर्ट, महापालिका, सगळं त्यात आहे. वर्तमानपत्रांची कात्रणं आणि न्यायालयाचे आदेश उपलब्ध आहेत, संबंधित माणसं हयात आहेत आणि बोलायला तयार आहेत. एवढं साहित्य हाताशी असताना पुन्हा एकदा ‘मोबाईलचा तरुणांवर परिणाम’ निवडणाऱ्याला मार्गदर्शकांनी निदान एकदा तरी अडवावं.

मागावरचं काम करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. प्रश्नावली मराठीत असते आणि पूर्व भागातली घरं आपसात तेलुगूत बोलतात. मराठीत विचारलं की मालक किंवा थोरला मुलगा पुढे होतो, नीट उत्तरं देतो, चहा देतो. कांड्या भरणारी बाई आतल्या खोलीत असते. तिच्यापर्यंत पोचायचं तर तेलुगू येणारी मैत्रीण सोबत न्यावी लागते, दुपारी जेवणाच्या सुट्टीत जावं लागतं, आणि तिची मजुरी नगावर असल्यानं महिन्याचा आकडा तिच्याकडून काढायला तास जातो. प्रकल्पाच्या वेळापत्रकात हा तास सहसा धरलेला नसतो.