इलेक्ट्रिक पिकअपला ओझं ओढवत नाही?

अमेरिकेत मोठ्या इलेक्ट्रिक पिकअपबद्दल एक समज घट्ट बसलाय: दिसायला दणकट, पण जड ट्रेलर ओढवत नाही. हे साफ चूक आहे. 2022 च्या फोर्ड एफ-150 लाइटनिंगच्या दोन मोटर मिळून 1,050 न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) देतात, तोही जागेवरून निघतानाच. टोइंग पॅकेज, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीची जादा सोय, घेतलं तर गाडी साडेचार टन ओढते.

खरी अडचण पल्ल्याची. मोठ्या बॅटरीवर एका चार्जमध्ये मिळणारे 515 किलोमीटर, मागे उंच चौकोनी कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) जोडला की निम्म्यावर येतात. त्यात वजनापेक्षा हवेच्या रोधाचा वाटा मोठा, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर रोध चौपट. त्यामुळे ताशी 110 ऐवजी 90 ने चालवलं तर बराच फरक पडतो. चार्जिंगला मात्र बऱ्याच ठिकाणी ट्रेलर सोडावाच लागतो. ही तक्रार अगदी रास्त आहे.