ओठ न टेकवता लिहायचं झालं तर

मराठीत मुक्तछंद रुजवला तो कवी अनिलांनी, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे यांनी. वृत्ताचं मोजमाप बाजूला ठेवून त्यांनी ‘भग्नमूर्ती’सारखं दीर्घकाव्य लिहिलं. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी नागपुरात काढला आणि १९८२ साली ते इथेच वारले. याच अनिलांना १९७७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो ‘दशपदी’ या संग्रहासाठी. दशपदी म्हणजे दहा ओळींची कविता. सांगायचं ते सगळं दहा ओळींत बसवायचं, अकरावी ओळ लिहायची नाही. हा नियम त्यांना कुणी घातला नव्हता, त्यांनीच तो स्वतःला घालून घेतला. मोकळ्या छंदासाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाला पंचाहत्तरीच्या आसपास असं कुंपण का हवंसं वाटलं असेल?

कवीची हौस म्हणून हे सोडून देता येईल. पण मन नव्या कल्पना कशा काढतं याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना या हौसेत बरंच काही सापडलेलं आहे.

आधी हे बघू की मनाला पूर्ण मोकळं सोडलं तर ते काय करतं. टॉमस वॉर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक काम दिलं. दूरच्या एखाद्या ग्रहावरचा प्राणी कल्पनेने काढायचा, आपल्या पृथ्वीवरच्यापेक्षा वेगळा. बाकी कसलीही अट नाही. हे संशोधन १९९४ साली प्रसिद्ध झालं. बहुतेकांनी काढलेल्या प्राण्यांची डावी-उजवी बाजू सारखीच होती, त्यांना डोळे होते आणि पायही होते. अख्खं विश्व आंदण दिलं तरी हाताने काढली ती थोडी बदललेली गाय किंवा माणूस. वॉर्ड याचं कारण असं देतात की मोकळं मन सर्वांत सोपी वाट धरतं, आणि सोपी वाट ओळखीच्या गोष्टीकडेच जाते.

ही वाट शब्दांतही असते. १९६२ साली सार्नोफ मेडनिक यांनी मांडलं होतं की प्रत्येक शब्दाला चिकटलेल्या आठवणी मनात एका रांगेत उभ्या असतात. घट्ट चिकटलेली सर्वांत पुढे, सैल चिकटलेली मागे. ‘नागपूर’ म्हणा, लगेच ‘संत्री’ येतील. मग ऊन, मग सावजी. या तिघांना कुणी बोलवावं लागत नाही. ताजं काही असलं तर ते रांगेच्या मागच्या टोकाला असतं, आणि लिहिणारा तिथपर्यंत पोचायच्या आतच पहिल्या तिघांवर लेख उरकून मोकळा झालेला असतो.

रांगेतल्या पुढच्यांना बाजूला सारण्याचा एक उपाय म्हणजे अट. रोनाल्ड फिंके यांनी १९९०च्या सुमारास केलेले प्रयोग यासाठी आवर्जून वाचण्यासारखे आहेत. गोळा, शंकू, तार, नळी, आकडा, चाकं असे एकूण पंधरा साधे सुटे भाग. त्यांतले तीन घेऊन मनातल्या मनात एखादी उपयोगी वस्तू जुळवायची. काहींना भाग चिठ्ठी काढल्यासारखे मिळाले, पण वस्तू कुठल्या प्रकारची (फर्निचर, खेळणं, वाहन वगैरे) ते त्यांनी स्वतः ठरवायचं होतं. काहींना प्रकार नेमून दिला आणि भाग निवडायची मोकळीक दिली. तिसऱ्या गटाला भागही नेमलेले आणि प्रकारही नेमलेला. परीक्षकांनी ज्या वस्तूंना खरोखर कल्पक म्हटलं, त्या सर्वांत जास्त निघाल्या तिसऱ्या गटात, म्हणजे ज्यांना निवडायला काहीच ठेवलं नव्हतं त्यांच्याकडून. ज्याला निवड होती त्याने आधी ओळखीची खुर्ची मनात धरली आणि तिला बसतील असे भाग शोधले. ज्याच्या हातात नुसता शंकू, तार आणि आकडा पडला, त्याला ओळखीचं काही धरताच येईना.

आता भाषेकडे येऊ. आपल्याकडे या खेळाचा फार जुना आणि फार मजेदार नमुना आहे. संस्कृत लेखक दंडीच्या ‘दशकुमारचरित’मध्ये, म्हणजे साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या गद्यकथेत, मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली हकिगत सांगतो. प्रेयसीने दातांनी ओठ दुखावलेला असतो, त्यामुळे ओठ एकमेकांना टेकवणं त्याला शक्य नसतं. म्हणून त्याची सगळी कहाणी प, फ, ब, भ, म या पाच व्यंजनांशिवाय चालते. नियम हवेत लटकत नाही, त्याला कथेतच कारण मिळालेलं आहे आणि ते कारणही कसं चावट! 

हाच नियम मराठीला लावून पाहा. विषय घ्या, नागपूरचा उन्हाळा. पहिल्याच पावलाला ‘नागपूर’ जातं. विदर्भ जातो, सीताबर्डी जाते. मी, आम्ही, आपण हे तिघेही हद्दपार. दुपार, घाम, झोप, पाणी, पंखा, पन्हं, काहीच हाताशी राहत नाही. नात्यांतले बाबा, भाऊ, बहीण, मामा, मावशी गेले, आजोबा गेले आणि आजी उरली. म्हणजे उन्हाळ्यावर लिहिताना रांगेत पुढे उभे असलेले सगळे शब्द एकदम गारद. तरी लिहायचंच म्हटलं तर असं काहीतरी होतं:

“संत्र्यांच्या ह्या शहरात वैशाख चढला, की रस्ते ओस. सूर्य डोक्यावर, सदरा अंगाला चिकटलेला. खिडकीत कूलर. त्याच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या, की घरात आधी वास येतो, नंतर गारवा. आजीने सकाळीच कैऱ्या उकडलेल्या, त्यांच्या गरात गूळ नि वेलची. एक गार घोट घशाखाली उतरला, की तिथेच, उघड्या चटईवर, डोळा लागतो.”

उतारा काही थोर नाही. ‘सूर्य डोक्यावर’ तर शाळेच्या निबंधातला. पण बाकीचं बघा. ‘घाम’ लिहिता येईना म्हणून सदरा चिकटवावा लागला. ‘पन्हं’ हा एक शब्द मिळाला असता तर तेवढ्यावरच भागलं असतं. तो नाही म्हटल्यावर कैरी उकडायला लागली, गर काढायला लागला, गूळ आणि वेलची डब्यातून काढावी लागली. आणि सर्वांत गंमत शेवटच्या वाक्यात आहे. डोळा कुणाचा लागला? वाक्यात कर्ता नाही, कारण ‘मी’ वर बंदी आहे. लिहिणारा उताऱ्यातून आपोआप बाहेर गेला आणि मधली जागा आजीने घेतली. हे काही आधी ठरवलेलं नव्हतं.

फ्रान्समध्ये जॉर्ज पेरेकने १९६९ साली जवळपास तीनशे पानांची कादंबरी लिहिली, तिच्यात फ्रेंचमधलं सर्वांत जास्त वापरात असलेलं ‘ई’ हे अक्षर एकदाही नाही. कथानकही कुणीतरी नाहीसं होण्याचंच. पेरेकचे वडील १९४० साली युद्धात गेले, आईला १९४३ साली आउशवित्झला नेलं आणि ती परत आली नाही. जे नाही त्याच्याभोवती तीनशे पानं फिरत राहणं, याला नुसतं कसरतपटूचं काम म्हणायला जीभ धजत नाही.

यमकाची अट जरा वेगळ्या तऱ्हेने काम करते. १९६६ साली रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी ‘ओठांवर आहे पण आठवत नाही’ या अवस्थेचा अभ्यास केला. शब्द आठवत नसतानाही लोकांना त्याचं पहिलं अक्षर किंवा उच्चारताना त्याचे किती तुकडे पडतात हे बऱ्याचदा बरोबर सांगता येत होतं. म्हणजे डोक्यात शब्द अर्थानुसार तर लावलेले असतातच, शिवाय नादानुसारही त्यांची वेगळी मांडणी असते. एरवी लिहिताना आपण पहिल्या मांडणीतून शब्द उचलतो. यमक आलं की दुसरीत हात घालावा लागतो. ‘ऊन’ या शब्दाचे अर्थाने शेजारी कोण? सावली, उकाडा, तहान. नादाने शेजारी? सून, धून, जून, अजून, मागून. उन्हाच्या कवितेत ‘अजून’ शिरला की वाट पाहणं शिरतं. ‘मागून’ शिरला की कुणीतरी पाठीशी येऊन उभं राहतं. अर्थाच्या वाटेने गेलो असतो तर ही माणसं भेटलीच नसती.

गझल लिहिणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन ओळींत काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर दरवेळी येणारा तोच शब्द) ठरला, की पुढच्या प्रत्येक शेराला तोच पाळावा लागतो, वृत्तही तेच, आणि तरी प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. सुरेश भटांनी नव्या मंडळींसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, ती या नियमांचीच. भटांच्या रचनेत बंड आहे हे सगळेच सांगतात. ते बंड ‘गालगागा’च्या, म्हणजे लघू-गुरूंच्या ठरलेल्या क्रमाच्या, शिस्तीत चालतं, याकडे मात्र सभागृहात टाळ्या वाजवताना फारसं लक्ष जात नाही.

नियमाच्या आत जागा किती उरते, याचा हिशेबही आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? लललल, ललगा, लगाल, गालल, गागा. पाच तऱ्हा. पाच मात्रांना आठ, सहाला तेरा. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज असतो, कारण ओळीच्या शेवटी एकतर ‘ल’ येणार किंवा ‘गा’. विरहांक आणि बाराव्या शतकातले हेमचंद्र या छंदशास्त्रकारांनी ही रीत सांगितली, आणि हे आकडे ज्याच्या नावाने जगभर ओळखले जातात त्या इटलीच्या फिबोनाचीचं पुस्तक आलं ते १२०२ साली. या हिशेबाने आठ मात्रांना ३४ तऱ्हा होतात आणि सोळा मात्रांना १,५९७. मात्रावृत्ताचं बंधन म्हणतात ते एवढं ऐसपैस आहे. पॅरिसमध्ये १९६० साली ‘उलिपो’ हा लेखकांचा आणि गणितप्रेमींचा गट सुरू झाला, त्यांनाही अशाच मोजणीचं वेड होतं. त्यांच्यातल्या रेमों केनोने चौदा ओळींची दहा सुनीतं अशी रचली की कुठल्याही सुनीतातली पहिली ओळ, कुठल्याही सुनीतातली दुसरी, असं करत गेलं तरी कविता जुळते. मग एकूण कविता किती? एकावर चौदा शून्यं. एका माणसाच्या हातून एवढं लिहून होणं शक्य नव्हतं, नियमाने ते करून ठेवलं.

हे सगळं वाचून कुणी नियमांचा ढीग रचायला बसेल तर त्याने संस्कृत कवी भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ या महाकाव्याचा पंधरावा सर्ग बघावा. तिथे एक श्लोक जवळपास फक्त ‘न’ या व्यंजनावर रचलेला आहे. “न नोननुन्नो नुन्नोनो नाना नानानना ननु” ही त्याची सुरुवात. त्याला अर्थ आहे, पण तो टीकाकाराने समजावला तरच कळतो. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकातच अशा चित्रकाव्याला काव्याची नक्कल म्हणून खालच्या पायरीवर बसवलं, आणि मला त्याचं म्हणणं पटतं. पाच व्यंजनं गेली तर दंडीला बाकीची भाषा शिल्लक असते. एकच व्यंजन राहिलं तर कवीला सांगायचं काय होतं हा प्रश्नच मागे पडतो, फक्त कोडं उरतं. आजचं संशोधन याच अंगाने जातं. १४५ अभ्यास एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसलं, की अटी वाढत गेल्या की कल्पकता काही काळ वाढते आणि एका टप्प्यानंतर घसरायला लागते. अजिबात अट नसणं वाईट, आणि गळा आवळणंही वाईट.

अट कुणी घातली यानेही फरक पडतो. टेरेसा अमाबिले यांनी १९८५ साली लेखनाची आवड असलेल्या ७२ जणांकडून प्रत्येकी दोन कविता लिहून घेतल्या. मधल्या वेळात काहींना लिहिण्याची बाहेरची कारणं वाचायला दिली होती, पैसा मिळेल, नाव होईल, शिक्षक खूश होतील वगैरे. त्यानंतरच्या त्यांच्या कविता परीक्षकांना इतरांपेक्षा फिक्या वाटल्या. कवितेचा साचा सगळ्यांना तोच होता. बदललं होतं ते फक्त ‘मी कुणासाठी लिहितो’ हे मनातलं उत्तर. सेन्सॉरच्या धाकाने टाळलेला शब्द आणि लेखकाने आपणहून टाळलेला शब्द कागदावर सारखेच गैरहजर असतात, पण त्यांच्यामागे लिहिणारा सारखा नसतो.

नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या माझ्या ओळखीच्या बाई हे सगळं न वाचताच वर्गात करून बघतात. सातवीचा वर्ग, निबंध ‘माझी आई’. प्रेम, माया, काळजी, कष्ट हे चार शब्द वापरायचे नाहीत. पहिली दहा मिनिटं वर्गात नुसती चुळबुळ, कारण पाठ केलेला निबंध या चार खांबांवरच उभा असतो. मग एका मुलीने लिहिलं, “आई रात्री गॅसचं बटन दोनदा बघते आणि मग मला विचारते, मी बघितलं का गं?” बाईंनी ते वाक्य वर्गात दोनदा वाचून दाखवलं. मागच्या बाकावरच्या एका पठ्ठ्याने मात्र तासाभरात पूर्ण दोन पानं लिहून दिली, अडखळ कुठेही नाही. त्याने चारही शब्दांच्या जागी ‘लव्ह’ घातलं होतं. पुढच्या वेळी फळ्यावर पाचवा शब्द वाढला.