आलेखातला पट्टा नेमका कोणाचा? सरासरीचा की एका बांगड्याचा?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बांगडा उतरला की फिशरीज शिकणारी पोरं मासे मोजपट्टीवर ठेवून लांबी घेतात, काट्यावर वजन घेतात, आणि मग पायथनमध्ये सीबॉर्न या आलेख काढणाऱ्या लायब्ररीचं रेगप्लॉट चालवलं की लांबीवरून वजन सांगणाऱ्या रेषेभोवती एक फिकट पट्टा आपोआप येतो. लगेच कोणीतरी म्हणतं, हे बघा, 95 टक्के बांगडे या पट्ट्यात! अरे पण ठिपके बघा ना, बहुतेक तर बाहेरच पडलेत.

कारण तो पट्टा माशांचा नाहीच, तो कॉन्फिडन्स इंटरव्हल आहे, म्हणजे अमुक लांबीच्या बांगड्यांचं सरासरी वजन कुठे असेल त्याचा अंदाज. उद्या टोपलीतून एकच बांगडा उचलला तर तो किती भरेल, हे हवं असेल तर प्रेडिक्शन इंटरव्हल लागतो आणि तो खूपच रुंद असतो.

किती रुंद ते आकड्यातच बघू. समजा 100 मासे मोजले आणि वजनं रेषेपासून 12 ग्रॅमच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने (म्हणजे विखुरण्याच्या मापाने) इकडेतिकडे होतात. मधल्या लांबीपाशी रेषेची चूक 12 भागिले 100 चं वर्गमूळ, म्हणजे 1.2 ग्रॅम, 95 टक्क्यांसाठी ती साधारण दुप्पट केली की पट्टा वरखाली साधारण 2.4 ग्रॅमचा. एका माशासाठी मात्र रेषेची चूक आणि माशाचा स्वतःचा 12 ग्रॅमचा फरक, दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं, ते येतं 12.06, म्हणजे वरखाली 24 ग्रॅम. दहापट! आणि 10,000 मासे मोजलेत तर पहिला पट्टा पाव ग्रॅमवर येईल, दुसरा जवळपास तिथेच राहील, कारण जास्त मोजले म्हणून मासे एकसारखे होत नाहीत.

रेगप्लॉट प्रेडिक्शनवाला पट्टा काढतच नाही, आणि आर या भाषेतल्या जीजीप्लॉटचं जिऑम_स्मूथसुद्धा कॉन्फिडन्सचाच देतं. आरमध्ये प्रेडिक्ट फंक्शनला इंटरव्हल म्हणून प्रेडिक्शन सांगायचं. पायथनमध्ये स्टॅट्समॉडेल्सचं गेट_प्रेडिक्शन घ्या, त्याच्या समरी_फ्रेममधले मीन_सीआयवाले कॉलम सरासरीचे, ऑब्स_सीआयवाले एका माशाचे. मग पट्टा रंगवायला मॅटप्लॉटलिबचं फिल_बिटवीन, पण लांबी आधी चढत्या क्रमाने लावा नाहीतर पट्ट्याचा पार गुंतलेल्या जाळ्यासारखा गोळा होतो. आणि हो, समरी_फ्रेमचा अल्फा 0.05 म्हणजे 95 टक्के, फिल_बिटवीनचा अल्फा म्हणजे नुसता रंगाचा फिकेपणा. मी तर दोन्ही पट्टे काढते, रुंद फिका, अरुंद गडद, आणि लेबलमध्ये कुठला कोणाचा ते स्पष्ट लिहिते, ते लिहिलं नाही तर चार्ट अर्धवटच.

अजून एक. बांगड्याचं वजन साधारण लांबीच्या घनाच्या हिशोबाने वाढतं आणि मोठ्या माशांत फरकही मोठा, त्यामुळे सरळ रेषा बसवली तर छोट्यांसाठी पट्टा उगाच रुंद, मोठ्यांसाठी अपुरा. लांबी आणि वजन दोन्हींचा लॉग घेऊन रेषा बसवा, प्रेडिक्शनच्या कडा एक्स्पने, म्हणजे लॉगच्या उलट क्रियेने, परत ग्रॅममध्ये आणा. कॉन्फिडन्सच्या कडा तशा परत आणल्या तर त्या सरासरीच्या राहत नाहीत, मध्यकाच्या (निम्मे मासे ज्याच्या खाली, निम्मे वर, त्या वजनाच्या) होतात, तेवढं लेबलमध्ये बदला.

मग रुंद पट्ट्याच्या बाहेर किती ठिपके पडलेत ते मोजा. शंभरात पाचच्या आसपास ठीक, वीस पडले तर मॉडेलमध्ये गडबड आहे. हीच मोजणी अरुंद पट्ट्यावर करू नका, तिथे ठिपके बाहेर असणारच.