पिंग लागला म्हणजे राउटर बसला असं नाही

घरातल्या वायफायच्या डबीत केबल खोचली की इंटरनेट चालू होतं. कंपनीतला राउटर तसा नसतो. सिस्कोच्या राउटरवर तर पोर्ट मुळातच बंद असतात; प्रत्येकाला ‘नो शटडाउन’ ही चालू करण्याची आज्ञा द्यावी लागते. पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का, याची छोटी चाचणी) लागेपर्यंतचं काम त्यामानाने सोपं असतं. खरी दुखणी त्यानंतर दिसतात.

बसवणी थोडक्यात. रॅक (उपकरणं बसवायची चौकट) 19 इंची, उंचीचं माप ‘यू’: 1 यू म्हणजे 44.45 मिलिमीटर. स्क्रू आवळण्याआधी पंखा कुठून हवा ओढतो ते बघा. शेजारच्या सर्व्हरची गरम हवा त्याच्या तोंडावर येता कामा नये. आधी अर्थिंग, मग वीज. दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन वेगळ्या यूपीएसवर. दोन्ही एकाच बोर्डात खोचले, तर तो बोर्ड ट्रिप होताच दोन्ही एकदम जातात.

राउटरशी पहिलं बोलणं कन्सोल केबलवरून, म्हणजे लॅपटॉप थेट राउटरला जोडून होतं. लॅपटॉपवरची जोडणी बहुतेक ठिकाणी अशी ठेवावी लागते: 9600 बॉड (वेग), 8 डेटा बिट, पॅरिटी नाही, 1 स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल (थांब-पाठव असे इशारे) बंद. पडद्यावर अगम्य चिन्हं आली तर बॉड चुकलाय. अक्षरं नीट दिसतात पण टाइप केलेलं काही पोचत नाही, तेव्हा बहुधा फ्लो कंट्रोल चालू राहिलेला असतो.

मग नाव, डोमेन, पासवर्ड आणि किमान 2048 बिटची आरएसए किल्ली (सांकेतिक कुलपाची), म्हणजे एसएसएच, दुरून सुरक्षितपणे राउटरवर शिरायची सोय, चालू होतं. त्याच कामाची जुनी सोय टेलनेट बंदच करा, त्यात पासवर्ड उघडा जातो. एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) घड्याळही लगेच जुळवून घ्या. दोन उपकरणांच्या लॉगमधल्या वेळा जुळत नसतील तर बिघाडाचा माग लागत नाही.

इंटरनेट सेवादाता अनेकदा /30 चा, म्हणजे अगदी छोट्या गटातला पत्ता देतो: चार पत्ते, वापरण्याजोगे दोन, एक त्याचा आणि एक तुमचा. मास्क (गटाचा आकार सांगणारा आकडा) 255.255.255.252. डिफॉल्ट रूट (बाहेर जाणारं सगळं कुठे पाठवायचं ते) त्याच्या पत्त्याकडे लावा, आतल्या खाजगी पत्त्यांसाठी नॅट (ते बाहेरच्या पत्त्यात बदलणारी सोय) लावा, की पिंग लागतो.

आता दुखणी. पलीकडच्या टोकाला 100 एमबीपीएस फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलणं; हाफमध्ये आळीपाळीने) हाताने पक्कं केलंय आणि तुमचं टोक ऑटोवर, म्हणजे आपोआप ठरवण्यावर आहे, असं समजा. तुमच्या राउटरला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स नाही. मग तो हाफ धरतो. पिंग उत्तम, पण वापर वाढला की सगळं रडत चालतं. काउंटर बघा: हाफच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी), फुलच्या बाजूला सीआरसी चुका (बिघडून आलेली पाकिटं). उपाय एकच, दोन्ही टोकं सारखी ठेवा.

याहून फसवं प्रकरण एमटीयूचं, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचं. पीपीपीओई (अनेक सेवादात्यांची लॉगिनवाली जोडणी) 8 बाइट खातं, म्हणून 1500 ऐवजी 1492 उरतात. विंडोजचा पिंग 32 बाइटचा, तो सहज जातो; मोठी पाकिटं अडतात. ‘पाकीट मोठं आहे’ असा आयसीएमपी संदेश (नेटवर्कच्या अडचणी कळवणारा) परत यायला हवा, पण कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं. परिणामी काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात आणि दोष डीएनएसवर (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) जातो. तुकडे न करण्याचा पर्याय लावून पिंग करा: 1464 बाइट जातात आणि 1465 अडतात, तर निदान पक्कं (28 बाइट हेडरचे). एमटीयू 1492 आणि टीसीपी एमएसएस (पाकिटातल्या मजकुराची कमाल मर्यादा) 1452 ठेवा.

दूरवरून अ‍ॅक्सेस लिस्ट (कुणाला आत सोडायचं याची यादी) बदलताना तिच्या शेवटी न लिहिलेला ‘बाकी सगळं नाकार’ असतो, हे विसरू नका. स्वतःच बाहेर अडकण्याचा तो राजमार्ग. आधी ‘रीलोड इन 10’ ही आज्ञा द्या. दार बंद झालंच तर दहा मिनिटांनी राउटर पुन्हा चालू होतो आणि साठवलेली जुनी मांडणी उचलतो, कारण चालू बदल फक्त रॅममध्ये असतात. सगळं जमलं तर ‘रीलोड कॅन्सल’ आणि त्यानंतरच साठवणं. तपासण्याआधीच साठवलं तर रीलोडनंतर तीच चूक पुन्हा उचलली जाते.

शेवटी एकेक पॉवर केबल काढून बघा, पूर्ण रीबूट करा आणि मांडणीची प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवा. राउटर जळाला तर त्याच्या आतली प्रतही त्याच्यासोबत जाते.