'देअर्स अ रायट गोइंग ऑन': गढूळ आवाजामागचा इतिहास

स्लाय अँड द फॅमिली स्टोन या अमेरिकन बँडचा हा अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटतं की रेकॉर्डिंगच खराब आहे. आवाज दबलेला, मागे टेपची सतत खरखर, गाणारा माणूस अर्धवट झोपेत असल्यासारखा. नोव्हेंबर १९७१ मध्ये अल्बम आला तेव्हाही अनेक चाहते गोंधळले होते, कारण हा बँड त्यांनी अगदी वेगळ्या रूपात पाहिला होता.

स्लाय स्टोन, मूळ नाव सिल्वेस्टर स्ट्यूअर्ट, १९४३ मध्ये टेक्ससमधल्या डेंटनमध्ये जन्मला आणि कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहोत, चर्चमधली गाणी गात वाढला. पुढे सॅन फ्रान्सिस्को परिसरात तो रेडिओ जॉकी झाला, इतरांच्या रेकॉर्ड्सचा निर्माता झाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने जो बँड उभा केला त्यात काळे-गोरे, स्त्री-पुरुष एकत्र वाजवत होते. ट्रम्पेटवर सिंथिया रॉबिन्सन होती आणि ती बॅकिंग गायिका नव्हे, पूर्ण वादक होती, हे त्या काळात फार मोठं होतं. भाऊ फ्रेडी गिटारवर, बहीण रोझ कीबोर्डवर, ड्रम्सवर ग्रेग एरिको, बासवर लॅरी ग्रॅहम. १९६९ मध्ये 'एव्हरीडे पीपल' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात त्यांनी भल्या पहाटे चिखलात झोपलेल्या लाखोंच्या गर्दीला उठवून नाचायला लावलं.

मग सगळं बिघडत गेलं. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या १९६८ मध्येच झाली होती आणि काळे-गोरे एकत्र नांदतील ही आशा विरत चालली होती. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाकडून गोऱ्या वादकांना काढण्यासाठी दबाव येत होता, असा उल्लेख त्या काळाबद्दलच्या लिखाणात वारंवार येतो. स्लाय लॉस एंजेलिसला गेला आणि अमली पदार्थांत अडकला. मैफली ऐन वेळी रद्द होऊ लागल्या. जुलै १९७० मध्ये शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये बँड मंचावर येण्याआधीच दंगल उसळली. नवा अल्बम काही येईना, तेव्हा एपिक या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने गाजलेल्या गाण्यांचा संग्रह काढून वेळ निभावली.

अल्बम तयार होत होता तो बराचसा लॉस एंजेलिसच्या बेल एअर भागातल्या बंगल्यात. बँड एकत्र बसून वाजवतोय असं आता क्वचितच घडे. स्लाय एकटाच एकेक वाद्य टेपवर चढवायचा, पुसायचा, पुन्हा चढवायचा. बॉबी वोमॅकसारखे मित्र येऊन गिटार वाजवून जात. एकाच टेपवर असं सारखं काम झालं की तिच्यावरचा चुंबकीय थर झिजतो, वरचे सूर बोथट होतात, खरखर वाढते. तो गढूळपणा येतो इथून.

एरिको बँड सोडून गेला. त्याच्या जागी बऱ्याच ठिकाणी आलं 'मायस्ट्रो ऱ्हिदम किंग' नावाचं यंत्र. बटण दाबलं की रुंबा, बोसा नोव्हा असे तयार ठेके वाजवणारं हे यंत्र घरी ऑर्गन वाजवणाऱ्यांना साथ म्हणून बनवलेलं होतं. गंभीर संगीतकार त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. स्लायने त्याच्या टिकटिकीवर फंक, म्हणजे ठेका आणि बास यांवर चालणारं नाचतं संगीत, उभं केलं. मला या अल्बममधलं सर्वांत धाडसी काम हेच वाटतं. 'फॅमिली अफेअर' ऐका: यंत्राचा कोरडा ठेका, बिली प्रेस्टनचा इलेक्ट्रिक पियानो, रोझचं ध्रुवपद आणि मध्ये स्लायचा खालच्या पट्टीतला थकलेला आवाज. हे गाणं पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. ड्रम मशीनवर बांधलेलं गाणं तिथवर जाण्याची ही अगदी सुरुवातीची वेळ.

शीर्षकाचा अर्थ 'दंगल चालू आहे'. त्याच नावाचं गाणं यादीत आहे, पण त्याची लांबी शून्य सेकंद. दंगली होऊच नयेत असं वाटलं म्हणून, असं स्लायने पुढे सांगितलं. गायक मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' (काय चाललंय?) हा अल्बम त्याच वर्षी मे महिन्यात आला होता आणि स्लायचं शीर्षक त्याला दिलेलं उत्तर मानलं जातं.

ग्रॅहम १९७२ मध्ये बाहेर पडला. १९७३ च्या 'फ्रेश'मध्येही ड्रम मशीन राहिलं, पण आवाज स्वच्छ झाला. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकने त्याच वर्षीच्या 'हेड हंटर्स' अल्बममध्ये एका रचनेचं नावच 'स्लाय' ठेवलं. पुढे गायक-संगीतकार प्रिन्स घरच्या स्टुडिओत एकट्याने सगळी वाद्यं वाजवू लागला, ती वाटही इथूनच जाते असं मी मानतो. स्लाय जून २०२५ मध्ये वारला.

यंत्राचे ठेके ऐकतच वाढलेल्या आजच्या कानांना हा अल्बम १९७१ च्या श्रोत्यांपेक्षा जवळचा वाटेल. सुरुवात मात्र शेवटच्या गाण्यापासून करा. आधी १९६९ चं 'थँक यू' लावा, ज्यात ग्रॅहम अंगठ्याने बासच्या तारांवर प्रहार करत सगळं गाणं उचलून धरतो. लगेच नंतर अल्बमचं ते शेवटचं गाणं, 'थँक यू फॉर टॉकिन टू मी, आफ्रिका' लावा. शब्द जवळपास तेच, लय मात्र कितीतरी संथ आणि जड. मधल्या दोन वर्षांत काय घडलं ते त्या लयीत ऐकू येतं.